चि. आणि कै.

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. पहिली वेलांटी दुसरी झाली किंवा दुसरी पहिली झाली, की तिच्या कपाळाला आठी पडे आणि मजकूर दुरुस्त होईपर्यंत ती आठी जागची हलत नसे. नाव अर्थातच पाठीमागे ठेवलेलं होतं. पुढे कुणाच्या तरी तोंडून तिच्यासमोरच निसटलं, आणि तिनं शांतपणे "काय?" म्हणून ओ दिल्यावर सगळ्यांचीच भीड चेपली. वय एकोणसाठ, अंगकाठी बारीक, चष्मा जाड. घरात तिला वेगळं नाव होतं. घरात ती धाकटी. धाकट्याची बायको म्हणून धाकटी. धाकटा लढाईत जाऊन छत्तीस वर्षं झाली, पण हिचं धाकटेपण काही संपलं नव्हतं.

घर सैनिकांचं होतं आणि ही गोष्ट ते कुणालाही विसरू देत नसे. दिवाणखान्याच्या भिंतीवर खापरपणजोबांपासून सगळे गणवेशात, छाती काढून उभे. घरी पाहुणा आला की आधी त्याला भिंत दाखवायची, पाणी नंतर. भिंतीची माहिती सांगायचं काम थोरल्या दिरांचं. ते मेजर म्हणून निवृत्त झाले होते, आणि आता सत्तरी गाठली तरी गल्लीत त्यांना मेजर म्हणूनच हाक मारत. दूधवाल्याशीसुद्धा ते हुकूम दिल्यासारखे बोलत. दूधवाला मान हलवी आणि आपल्या मनासारखं करी.

त्या लढाईत दोघे भाऊ एकाच पलटणीत होते. थोरला तुकडीचा अधिकारी, धाकटा त्याच्याच हाताखाली. थोरला परत आला. धाकट्याबद्दल आधी थोरल्याचं पत्र आलं आणि दोन आठवड्यांनी सरकारी कागद आला. लढाईतल्या जखमांमुळे बारा तारखेला मृत्यू, एवढंच त्या कागदावर होतं. तेव्हापासून दर वर्षी त्या महिन्याच्या बारा तारखेला घरी माणसं जमत, मेजर लोखंडी पेटीचं कुलूप काढत आणि ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवत. मायना आणि तारीख सोडून द्यायची आणि मजकुरापासून वाचायला लागायचं, ही घराची जुनी पद्धत. पत्र सुंदर होतं, यात वाद नाही. शेवटाकडे आलं की मेजरांचा आवाज खाली येई. धाकट्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. शेवटी एकच बोलला. तिला सांग, माझ्या नावानं राहा, या घरातून जाऊ नकोस.

ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येई. पहिली दोन वर्षं सोडली तर तिच्या कधीच आलं नाही, आणि लोक त्याला धीर म्हणत.

खरं कारण वेगळं होतं. लग्नाला आठ महिने झाले असताना ती विधवा झाली. घरात बसून पोरीचं डोकं फिरेल म्हणून सासऱ्यांनी तिला छापखान्यात चिकटवून दिलं. तिथे एक जुळारी होता, खिळे जुळवणारा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तो कुठलाही मजकूर वाचताना विरामचिन्हंसुद्धा मोठ्यानं म्हणे, म्हणून त्याला टिंबमास्तर नाव पडलेलं. दोन वर्षं त्यानं तिच्याशी कामाखेरीज अवाक्षर काढलं नाही. मग एका दिवशी तपासायला आलेल्या प्रूफच्या समासात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आपली हरकत नसल्यास मी आपल्या घरी येऊन विचारू इच्छितो. तिनं त्यातली एकही चूक काढली नाही. तिची हरकत नव्हती. तिला तो आवडत होता आणि तिला पुन्हा संसार हवा होता, यात लपवण्यासारखं काय आहे!

ती दिरांकडे गेली. मेजर ओरडले नाहीत. त्यांनी उठून पेटी उघडली, पत्र काढलं आणि ते एकच वाक्य वाचलं. मग पत्राची घडी घातली. "ही त्याची इच्छा आहे," ते म्हणाले. "मोडायची असेल तर मोड. मी अडवणारा कोण?"

तिनं मोडली नाही. टिंबमास्तरांनी पुढे दुसरीकडे लग्न केलं, आणि त्यांना आता तीन नातवंडं होती. तिला मात्र त्या दिवसापासून नवऱ्याचा राग आला. मरता मरता माणूस बायकोला मोकळं करतो, हा बांधून गेला. आठ महिन्यांच्या संसारावर एवढा हक्क? तिनं त्याच्या फोटोवरची धूळ पुसली, पण त्याच्या तोंडाकडे न बघता. मनातल्या मनात त्याच्याशी बोलायची सवय होती, तीही सोडली. हा राग तिनं कुणाला सांगितला नाही, कारण शहिदाच्या बायकोनं शहिदावर रागवायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

यंदा मेजरांनी पुस्तक काढायचं ठरवलं. चार पिढ्यांचा इतिहास, त्यांच्या स्वतःच्या आठवणी आणि शेवटी सगळी पत्रं. छापायला अर्थातच भावजयीचा छापखाना. भावजय म्हणजे ती, आणि तपासणारी फुकटात घरची. पेटीतला पत्रांचा गठ्ठा घेऊन मेजर स्वतः आले आणि बजावून गेले, की मायना-तारखा नकोत, नुसता मजकूर घ्या, आणि कागद सांभाळा. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती पत्रं तिच्या हाती आली. आधी ती मागायची तिची हिंमत नव्हती असं नाही. ते वाक्य डोळ्यांनी पाहायची तिला इच्छा नव्हती.

तपासायची रीत ठरलेली. टिंबमास्तर मूळ कागद धरून मोठ्यानं वाचायचे आणि ती समोर प्रूफवर पेन्सिल फिरवायची. खिळे केव्हाच भंगारात गेले होते, सगळं काम आता संगणकावर होई, पण ही जोडी तशीच राहिली. मजकूर तेवढाच हवा असला तरी टिंबमास्तर कागदाच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करत. त्यांना मधून वाचता येत नसे, अडखळल्यासारखं होई. मेजरांच्या सगळ्या पत्रांत धाकट्याची खुशाली एका ठराविक ओळीत असे. चि. धाकटा मजेत आहे. चि. धाकट्याची काळजी करू नये. मोठ्या भावानं लहानाला चिरंजीव लिहायचं, त्यात मेजरांची कधी चूक नव्हती. टिंबमास्तर न चुकता "चि टिंब धाकटा" म्हणत आणि ती न चुकता पेन्सिलनं बरोबरची खूण करी.

शेवटचं पत्र आलं. तिनं मान खाली घातली.

"दिनांक नऊ," टिंबमास्तर म्हणाले. "ती टिंब आईस, स्वल्पविराम. कळवण्यास अत्यंत दुःख होते की कै टिंब धाकटा..."

"बारा असेल," ती म्हणाली. "नीट बघा."

त्यांनी कागद खिडकीकडे नेला. "नऊच आहे. लष्करी सेन्सॉरचा शिक्का दहाचा."

ती उठली आणि तिनं स्वतः पाहिलं. मेजरांचं अक्षर छापल्यासारखं होतं, नऊचा बारा होणं शक्य नव्हतं. गोल शिक्का जांभळा, त्यात दहा. आणि मजकुरात चि. नाही, कै. लिहिलेलं. माणूस जिवंत असेतो चि., गेला की कै. धाकटा गेला बाराला. नऊ तारखेला त्याच्या सख्ख्या भावानं त्याला कै. लिहून टाकलं होतं, आणि तीन दिवस आधी त्याचे शेवटचे शब्दही लिहून झाले होते.

तिला काहीतरी आठवलं आणि तिनं मेजरांच्या आठवणींचं प्रूफ ओढलं. पान एक्केचाळीस. हे पान तिनंच मागच्या आठवड्यात तपासलं होतं. नऊ तारखेला पहाटे हुकूम आला आणि आमची तुकडी नदी ओलांडून मागे आली. त्याच सकाळी पूल उडवला गेला. पुढचे तीन आठवडे आमच्या पलटणीचा एकही माणूस पलीकडे जाऊ शकला नाही. त्या पानावर तिनं तेव्हा एकच दुरुस्ती केली होती. ऑपरेटरनं नदीची वेलांटी पहिली काढली होती, ती तिनं दुसरी केली होती. एवढं मोठं खोटं डोळ्यांखालून गेलं आणि आपण वेलांटी धरून बसलो, म्हणून तिला स्वतःचीच शरम वाटली.

टिंबमास्तर अजून कागद धरून उभे होते. पुढचं वाक्य त्यांना दिसत होतं आणि ते त्यांनी वाचलं नाही. याच वाक्यापायी आपल्याला नकार आला हे त्यांना माहीत होतं, कारण नकार देताना तिनंच सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, माणूस म्हातारा झालाय, सोडून द्या.

"मी पण म्हातारी झाले," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं पुढची चौदा पानं तपासली आणि एकही चूक राहू दिली नाही. तिला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता तिला काय करायचं आहे हे स्वच्छ दिसत होतं. घरात चार भिंतींच्या आत विचारलं असतं तर मेजरांनी सावरून घेतलं असतं. म्हणाले असते, वय झालं तुझं, डोळ्यांना त्रास देतेस. तिला त्यांची फजिती हवी होती, आणि ती सगळ्यांसमोर हवी होती. ज्या माणसांसमोर ते वाक्य छत्तीस वेळा वाचलं गेलं, त्याच माणसांसमोर.

एकाच जागी तिचा पाय अडला. मेजरांचा मुलगा, तिचा पुतण्या, आता स्वतः कॅप्टन होता. आई लवकर गेल्यामुळे त्याला तिनंच वाढवलं होतं, ताप आला की तो हिच्या कुशीत शिरायचा. बाप म्हणजे त्याला देव. एक अख्खा रविवार तिनं त्याचा विचार केला. मग तिच्या मनात आलं, की याचा धाकटा काका तीन दिवस कुठेतरी पडून होता आणि त्याचा विचार कुणी केला? त्यानंतर तिनं रविवारचा विचार तिथेच थांबवला.

दुसऱ्या दिवशी ती मेजरांना म्हणाली, की पत्रं छापील अक्षरात कोरडी वाटतात, तुमचं हस्ताक्षर जसंच्या तसं छापू या, पानभर फोटो. मेजरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आठवड्यानं ते अंतिम प्रूफवर सह्या करायला आले. प्रत्येक पानाखाली छापावे असं लिहून लेखकानं सही करायची, हा छापखान्याचा नियम. ती एकेक पान समोर सरकवत होती. सत्त्याऐंशी क्रमांकाचं पान आलं, तसे मेजर थबकले. त्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला.

"काय अक्षर होतं माझं," ते म्हणाले. "बघ, एक रेघ वाकडी नाही."

आणि त्यांनी सही केली. आयुष्यभर मोठ्यानं वाचून वाचून त्या पत्राचं त्यांना भजन झालं होतं. पाठ झालेलं माणूस वाचत नाही, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, नीट वाचलंत ना? मेजर म्हणाले, तू वाचलंस ना, मग झालं.

प्रकाशन अर्थात बारा तारखेला, पलटणीच्या सभागृहात. निवृत्त अधिकारी आले होते, जुने जवान बायकांना घेऊन आले होते, एक जनरलसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत होते. पुतण्या गणवेशात, पायांत तोंड दिसेल असे बूट. टिंबमास्तर पुस्तकांच्या खोक्यांपाशी मागे उभे होते. भाषणं झाली, प्रत्येकाच्या हातात पुस्तक गेलं. मेजर पत्र वाचायला उठले तेव्हा ती खालून म्हणाली, यंदा मी वाचते. सभागृहात एक हळहळीची लाट आली. मेजरांचा ऊर भरून आला. ते म्हणाले, वाच, तुझाच मान आहे, आणि त्यांनी स्वतः माइक तिच्या उंचीला खाली केला.

"पान सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "सगळ्यांनी उघडा."

पानांचा खळखळाट झाला.

ती छापखान्यात वाचतात तसं वाचू लागली. दिनांक नऊ. शिक्का, दहा. ती टिंब आईस, स्वल्पविराम. काही जण हसले, बाई घाबरली असं त्यांना वाटलं. ती कै टिंब धाकटा असं म्हणाली, मांडीवर डोकं म्हणाली, आणि शेवटच्या शब्दांपर्यंत आवाज न हलवता गेली. मग तिनं एक्केचाळीस क्रमांकाचं पान उघडायला सांगितलं, आणि नदी, पूल, तीन आठवडे हे सगळं वाचलं. मग धाकट्याचा फोटो, खाली मृत्यू, दिनांक बारा. पुस्तक मिटून तिनं ते टेबलावर ठेवलं.

"मी लोकांच्या चुका काढते, तेच माझं काम," ती म्हणाली. "या तिन्हींत एक चूक आहे. ती कुठली ते लेखकानं सांगावं."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेत जनरलसाहेबांनी पान सत्त्याऐंशी पुन्हा काढलं, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी काढलं. लष्करातली माणसं तारखा वाचायला शिकलेली असतात. कुजबुज मागपर्यंत गेली. तिला ती ऐकायला गोड लागली, हे लपवायचं कशाला.

मेजर म्हणाले, तारीख लिहिताना चुकली असेल, लढाईची धामधूम होती. ती म्हणाली, मग सेन्सॉरचा कारकूनही त्याच दिवशी चुकला का? मेजर माइककडे सरकले. तेवढ्यात पुतण्या उठून उभा राहिला. पुस्तक त्याच्या हातात उघडंच होतं.

"बाबा," तो म्हणाला, "बारा तारखेला तुम्ही नदीच्या कुठल्या बाजूला होता?"

धाकटीच्या दिरानं, पलटणीच्या मेजरनं, गल्लीच्या पुढाऱ्यानं या प्रश्नाला काहीतरी उत्तर दिलं असतं. पण विचारणारा स्वतःचा मुलगा होता आणि गणवेशात होता. मेजर खुर्चीवर बसले.

"अलीकडे," ते म्हणाले. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

मग ते एकट्या तिच्याकडे बघून बोलत राहिले. मला वाटलं तो गेला. दोन हाका मारल्या, त्यानं ओ दिली नाही. हुकूम होता, पूल उडवायचा होता, माझ्यामागे तीस माणसं होती. पलीकडे दुसऱ्या पलटणीच्या डॉक्टरांनी त्याला उचललं आणि तो बारापर्यंत होता, हे मला महिन्यानं कळलं. तोवर पत्र घरी वाचून झालं होतं. टाकून आलो असं आईला कसं लिहायचं?

"ते मला समजतं, भाऊजी," ती म्हणाली, आणि खरंच तिला ते समजलं. हाक मारूनही माणूस ओ देत नाही, मागे तीस जण उभे असतात, यात तिला त्यांचा जीव घ्यावा असं काही दिसलं नाही. "पण ते वाक्य कुणाचं? तिला सांग, माझ्या नावानं राहा."

मेजरांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"माझं," ते म्हणाले. "तू तेवीस वर्षांची होतीस. निघून गेली असतीस. या घराची सून दुसऱ्याच्या घरात... घराचं नाव होतं."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपला सूड पुरा होईल. सभागृहातली नजर अन् नजर मेजरांवर होती. मुलानं पुस्तक खुर्चीवर ठेवलं होतं आणि तो बापाकडे बघत नव्हता. जे जे तिनं मागितलं होतं ते सगळं समोर होतं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात उतरलं, की धाकटा तसं बोललाच नव्हता. त्यानं तिला बांधलं नव्हतं. तीन दिवस परक्या माणसांत पडून तो काय बोलला, कुणाचं नाव घेतलं, हे या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ती इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ फिरवून बसली होती.

"भाऊजी, मी त्याचा राग केला," ती म्हणाली. आवाज आता हलत होता, त्याची तिला पर्वा नव्हती. "चौतीस वर्षं. एका मेलेल्या माणसाचा. त्याच्या फोटोकडे बघत नव्हते मी. माझं लग्न मोडलंत, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण त्याला माझ्या मनातून तुम्ही दुसऱ्यांदा टाकून आलात."

मेजर उठले. त्यांनी हात जोडले. सत्तर वर्षांच्या ताठ माणसाला वाकताना त्रास होत होता आणि कुणीही त्यांना धरायला पुढे झालं नाही.

"मला माफ कर, धाकटे."

"नाही," ती म्हणाली. "आधी मला त्याची माफी मागायची आहे. तुम्ही माझ्यामागे रांगेत उभे राहा. आणि मला पुष्कळ वेळ लागणार आहे."